आठवा पाय

डाख हा शब्द आमच्या एकाही पुस्तकात नव्हता.
सिलॅबसमध्ये सोल्डर, रिपोर्टमध्ये सोल्डर.
फक्त लॅबचे मोंडकर मामा म्हणायचे,
डाख नीट दी गो, थुंकल्यासारखो नको.

मिठागरांकडे खिडकी असलेली आमची लॅब, वडाळ्याला.
यंत्राचे रूळ कुर्ल्याच्या भंगारातले, एका मेलेल्या प्रिंटरचे.
मोटारी लॅमिंग्टन रोडच्या,
तीन घेतल्या तर चौथी अर्ध्या भावात.
ती चौथीच पुढे सगळ्यांत शहाणी निघाली.
तार सरकवणारं चाक जोव्हिताने मनोरीहून आणलं,
वडिलांच्या गळाच्या रिळातून काढून.
दोन आठवडे लॅबला राळेचा आणि बोंबलांचा
मिळून एकच वास.

मुकादम म्हणाला, दर पायाला तीन सेकंद.
गणित सोपं, रात्रीचा एक वाजलेला.
मी लिहिलं: जा, टेकव, तीन सेकंद, उचल.
यंत्राने अठ्ठावीस पायांना सारखा न्याय दिला
आणि सकाळी आठवा पाय हातात आला
दुधाच्या दातासारखा.

मामांनी बोर्ड नाकाशी नेला.
एक मोतीबिंदू पिकलेला, दुसरा पिकत आलेला,
बघत ते नव्हतेच.
‘हो जमिनीचो पाय.
मागे एवढा तांबा पसारला हा,
ता सगळी ऊब पिऊन टाकता.
हेच्याकडे जास्त वेळ बसाक लागता,
आजाऱ्याकडे बसतत तसा.’
जास्त म्हणजे किती, मामा?
‘होयसर.’
आम्हाला वाटलं, होय सर म्हणतायत.
मालवणीत त्याचा अर्थ, होईपर्यंत.

होईपर्यंत हा आकडा
कुठल्याच कोडात टाइप होत नाही.

म्हणून मामांचा हात, रूपेशचा मोबाइल, जोव्हिताची वही.
पहिला पाय, दोन पूर्णांक एक.
आठवा, चार पूर्णांक सहा.
बाविसावाही जमिनीचाच, पण कडेला, तांबं कमी,
तीन पूर्णांक नऊ.
आणि प्रत्येक वेळी, तार मागे घेतल्यावर,
टोक उचलायच्या आधी,
अर्ध्या सेकंदाहूनही कमी
हात नुसता राहायचा.
तिथे काय करता मामा?
‘खंय?’

तेही टेबलात घातलं. शून्य पूर्णांक चार.
नाव द्यायला हवं होतं.
मुकादमने सुचवलं, डिले तीन.
मी लिहिलं, मोंडकर.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वाईट नव्हते.
भिंग लावून त्यांनी डाख पाहिले, हं म्हणाले,
मग स्क्रीनवर बोट ठेवलं.
मोंडकर कोण? कुठल्या पेपरमधले?
रूपेशने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.
जोव्हिता म्हणाली, बाहेरच आहेत सर, बोलावू?
सरांनी घड्याळ पाहिलं.
पुढचा ग्रुप दारात आलाच होता, ड्रोन घेऊन.
बरं, किती थांबायचं ते या यंत्राला कळतं?
रूपेश म्हणाला,
होयसर.
सरांनी मान डोलावली.
संदर्भ नसलेल्या आकड्याचे दोन गुण मात्र कापले.

निकालानंतर मामांचं ऑपरेशन झालं, शीवला.
काळा चष्मा लावून आले,
लॅबच्या दाराला नवीन रंग कधी दिला विचारलं
(दिला नव्हता),
आणि बोर्ड ट्यूबलाइटखाली धरून
बराच वेळ तिरका करत राहिले.
‘एवढो चकाकता?’
चाळीस वर्षं दिलेला डाख
बहुतेक ते पहिल्यांदाच नीट बघत होते.
निदान मला तसं वाटलं.

मग यंत्र लावलं. मामा स्टुलावर.
एक, दोन, तीन, जरा घाईनेच,
पाच, सहा, सात.
आठव्या पायाशी टोक टेकलं
आणि हलेना.
धुराची एक बारीक दोरी सरळ वर गेली.
मामा पुढे झुकले.
‘अडाकला काय गो?’

नाही मामा, म्हटलं,
बसलंय.